लाल वायर कुठं लावायची?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत भट्टीच्या तापमानाची नोंद ठेवायला रास्पबेरी पाय ३ हा छोटा कॉम्प्युटर बसवलाय. लाइट जाऊन आली की कधी कधी तो सुरूच होत नाही, आणि शेडमध्ये मॉनिटर नेणं जमत नाही. लॅपटॉपवरून त्याचा कन्सोल, म्हणजे सुरू होताना तो दाखवतो त्या ओळी, बघायला सीएच३४० चिपचं यूएसबी मॉड्यूल आणलंय. त्यावर ५ आणि ३.३ व्होल्ट निवडायचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) आहे. अजून जोडलेलं नाही. लाल वायर कुठं लावू?
– एक वाचक, गोकुळ शिरगाव, कोल्हापूर

उत्तर : जोडायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत. लाल वायर विजेची, ती कुठंच लावू नका. पायला त्याची वीज स्वतःच्या ॲडॅप्टरमधून मिळते. तुम्हाला तीनच वायरी लागतात.

एसडी कार्डाच्या बाजूच्या कोपऱ्यापासून, बोर्डाच्या कडेची ओळ मोजा. पहिल्या दोन पिना ५ व्होल्टच्या, त्या सोडा. तिसरी (नंबर ६) ग्राउंड, चौथी (८) पायचा टीएक्स, म्हणजे पाठवणारी पिन, पाचवी (१०) आरएक्स, म्हणजे घेणारी. ग्राउंडला ग्राउंड, टीएक्स मात्र समोरच्याच्या आरएक्सला, म्हणजे वायरी उलटसुलट जातात.

आता खरं काम. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. जंपर ३.३ वर ठेवलात तरी त्यावर विसंबू नका. काही मॉड्यूलांत जंपरनं फक्त वीज देणारी पिन बदलते, टीएक्स ५ वरच राहतो. उद्यमनगरात माझ्या टेबलावर एका पोराचा असाच रास्पबेरी पाय आला होता. स्क्रीनवर सगळ्या ओळी यायच्या, पण टाइप केलेलं एक अक्षर त्याला पोचत नव्हतं. आरएक्स पिन गेलेली. तिला दुरुस्ती नाही, आणि त्या पोरानं पैसे साठवून घेतलेला बोर्ड होता तो.

म्हणून मॉड्यूल नुसतं लॅपटॉपला लावा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी पिन ग्राउंडला, लाल टीएक्सला. काही पाठवत नसताना टीएक्सवर पूर्ण व्होल्टेज असतं, त्यामुळं आकडा स्थिर दिसतो. ३.३ च्या आसपास असेल तर जोडा. ५ च्या जवळ असेल तर १ किलोओमचे तीन रेझिस्टर घ्या : मॉड्यूलच्या टीएक्सला एक, त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत उरलेले दोन एकापुढं एक. पहिला आणि दुसरा जिथं जुळतात त्या सांध्यावर ३.३ मिळतात, तिथून वायर पायच्या १० नंबरला. सांध्यांवर स्लीव्ह चढवा. भट्टीच्या शेडमध्ये लोखंडाची धूळ किती उडते, हे मी तुम्हाला काय सांगणार!

लॅपटॉपवर पुट्टी हा प्रोग्रॅम उघडा, त्यात वेग ११५२००, फ्लो कंट्रोल बंद. स्क्रीन कोरीच राहिली तर एसडी कार्ड लॅपटॉपमध्ये घालून कॉन्फिग डॉट टीएक्सटी फाइलच्या शेवटी ‘enable_uart=1’ ही ओळ अशीच टाका. विचित्र अक्षरं आली तर वेग चुकलाय किंवा ग्राउंड सुटलंय.

वायर हातभरच ठेवा, काँटॅक्टरच्या (मोटर-भट्टी चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) पॅनेलपासून लांब. जोडलेलं असताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

लाइट अचानक गेली की बहुतेकदा कार्डावरच्या फाइली बिघडतात. पाय अडकला की लगेच बंद करू नका. स्क्रीनवरच्या शेवटच्या दहा ओळींचा फोटो काढा आणि मला पाठवा.