खाऱ्या पाण्यातले मासे दोन फुटी टँकमधून चार फुटी टँकमध्ये कसे हलवायचे?

तुम्ही लिहिलंय की दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल (हाही छोटा, पण भांडखोर समुद्री मासा) आहेत, चार फुटी टँक घरी येऊन पडली आहे, आणि दुकानदार सांगतो की जुनं पाणी सगळं जपून न्या नि नवी टँक महिनाभर रिकामी चालवा. माझ्या मते दोन्हीची गरज नाही. एका दिवसात हलवा, फक्त तयारी आधी करा.

अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते लाइव्ह रॉकच्या, म्हणजे टँकमधल्या जिवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडांच्या छिद्रांत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये चिकटून असतात. तुमचे दगड हेच विरजण आहे. ते ओले राहिले, तर तेवढ्याच तीन माशांचा भार नव्या टँकमध्येही पहिल्या दिवसापासून पेलतील. महिनाभराचा नियम नव्या, कोरड्या दगडांवर सुरू केलेल्या टँकसाठी आहे. मात्र दगड किंवा स्पंज नळाखाली धुऊ नका, महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन नेमकं जिवाणूंनाच मारतं. काढलेल्या जुन्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या, बस.

खरा धोका वाळूचा. वर्षानुवर्षं न हललेल्या वाळूच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही, तिथे घाण साठते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ती उकरली की सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि मासे त्याच पाण्यात असतील तर काही तासांत खेळ संपू शकतो. म्हणून जुनी वाळू सरळ टाकून द्या, नवी धुऊन घाला. दोन-चार हजारांची वाळू वाचवायला जाऊन मासे घालवलेले लोक मी पाहिलेत. पाणी आणि दगड आधी काढा, मग मासे, वाळूला हात सगळ्यात शेवटी. पाणी चार-पाच इंचांवर आलं की मासे पकडणंही सोपं जातं. भरल्या टँकमध्ये जाळी घेऊन डॅमसेलच्या मागे धावण्यात काही अर्थ नाही.

आता पाणी. चार फूट बाय दीड बाय दीड म्हणजे साधारण 255 लिटर, आणि तुमच्या जुन्या टँकमध्ये जेमतेम पन्नास. म्हणजे बहुतेक पाणी नवंच लागणार. ते आदल्या दिवशीच नव्या टँकमध्ये बनवा: आरओचं पाणी, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम मरीन सॉल्ट, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि हीटर चालू ठेवून चोवीस तास फिरू द्या. पिण्याच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी क्षार मुद्दाम राखलेले असतात, तेव्हा आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजा. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर आणखीच जपा. अलिबागहून कॅन भरून आणण्याचा विचार असेल तर सोडा; किनाऱ्याचं पाणी गढूळ असतं, आणि पावसाळ्यात खाडीतून येणाऱ्या गोड्या पाण्याने खारटपणा पार उतरलेला असतो.

खारटपणा मात्र अंदाजाने ठरवू नका. समुद्री माशाच्या अंगातून पाणी सतत बाहेर जात असतं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकतो. अचानक जास्त खारं पाणी मिळालं की ही यंत्रणा कोलमडते. थोडं कमी खारं तो बरंच सहन करतो. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) जुन्या टँकमध्ये सापेक्ष घनता 1.023 असेल तर नवं पाणीही 1.023 लाच बनवा. 1.025 पर्यंत नंतर हळूहळू, दिवसाला 0.001 ने न्या. तापमान दोन्हीकडे 25-26 अंश.

गुरुवार टाळा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी जायचं असेल तर बहुतेकदा त्याच दिवशी जातं. मासे टबात आणि वीज गुल, हे नको. तरी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. मासे नि दगड ठेवायला साबण न लागलेले टब घ्या, त्यात जुनंच पाणी.

दगड नव्या रचनेत लावा. डॅमसेल आपल्या कोपऱ्यावरून भांडते. सगळंच बदललं की तिची जहागिरीही नव्याने ठरते आणि क्लाउनला थोडी उसंत मिळते. त्या दिवशी लाइट बंद ठेवा, खायला देऊ नका.

पुढचा आठवडाभर रोज अमोनिया तपासा. समुद्री पाण्याचा पीएच 8.1-8.3 असतो, त्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्याच्या टँकपेक्षा इथे जास्त विषारी ठरतो. शून्यापेक्षा काहीही दिसलं तर त्याच खारटपणाचं पाणी घालून पाव टँक बदला. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरताना मात्र साधं आरओचंच घाला, कारण मीठ उडून जात नाही. आणि टँक मोठी झाली म्हणून लगेच टँगसारखा मोठा मासा आणायला धावू नका. हलवाहलवीने थकलेल्या माशांत नवा मासा सोडला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सोबत येण्याची शक्यता वाढते, आणि त्यावरचं तांब्याचं औषध लाइव्ह रॉक असलेल्या टँकमध्ये घालता येत नाही.