मीडियम वेव्हवरचं केंद्र मधूनच गप्प का होतं? रेडिओ बिघडलाय की ट्रान्समीटर?

तुम्ही लिहिलंय की वडील रोज सकाळी जुन्या रेडिओवर मीडियम वेव्ह ऐकतात आणि महिन्यातून दोन-चारदा आवाज मधूनच जातो, कधी मिनिटभर तर कधी अर्धा तास. दुकानदार म्हणतो रेडिओ भंगारात द्या. वडील म्हणतात रेडिओ ठणठणीत आहे, केंद्रच म्हातारं झालंय. यात खरं कोण, हा तुमचा प्रश्न.

मी वडिलांच्या बाजूने, पण पूर्ण नाही. नोकरीची बरीच वर्षं मी आखातात समुद्राकाठच्या एका मीडियम वेव्ह केंद्रावर शिफ्ट केल्या. आता दहिसरला घरी असतो आणि शेजाऱ्यांचे रेडिओ उघडून बसतो. त्यामुळे हा वाद दोन्ही टोकांनी पाहिलाय.

आधी घरबसल्या निदान. आवाज गेला की लगेच खुंटी पिळू नका, ती शांतता कशी आहे ते ऐका. आवाज जाताच रेडिओची खरखर एकदम वाढली, तर ट्रान्समीटर बंद पडलाय. केंद्राची मूळ लहर, म्हणजे आवाज वाहून आणणारी लहर, येत असते तोवर रेडिओ आपले कान आवरून धरतो. ती गेली की तो सगळी ताकद लावून शोधायला लागतो आणि इमारतीतला सगळा कचरा ऐकवतो. उलट आवाज गेला पण मागची खरखर दबलेलीच राहिली, एखाद्या बंद खोलीसारखं सुन्न वाटलं, तर ट्रान्समीटर चालू आहे आणि स्टुडिओकडून येणारा कार्यक्रम कुठेतरी अडकलाय. तिसरा प्रकार, आवाज येतो पण बारीक, आणि तबल्याची थाप किंवा गायकाचा वरचा सूर फाटतो. तेव्हा ट्रान्समीटर आजारी आहे आणि कमी पॉवरवर ढकलत नेला जातोय. आणि आवाज दोन-तीन सेकंद जाऊन आपोआप परत येत असेल, तर ट्रान्समीटरने स्वतःला वाचवलंय. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त घडतो.

तो का घडतो हे कळायला आकडे डोळ्यासमोर आणा. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं तेव्हा त्याचा ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा होता. आज आपल्या न्हाणीघरातला गीझर त्याहून जास्त वीज खातो. आता मोठ्या मीडियम वेव्ह केंद्रांवर १०० किलोवॅट ही नेहमीची गोष्ट आहे. आणि हे १०० फक्त मूळ लहरीचे. एएममध्ये, म्हणजे मीडियम वेव्हच्या प्रसारण पद्धतीत, आवाज टिपेला पोचतो त्या क्षणी पॉवर चौपट होते, म्हणजे ४०० किलोवॅट. निवेदिका हळू बोलते तोवर सगळं शांत, शंख फुंकला की मनोऱ्याच्या पायथ्याशी व्होल्टेज दुप्पट. कमजोर जागा असेल ती तेव्हाच बोलते.

आणि मनोऱ्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मीडियम वेव्हच्या मनोऱ्यावर अँटेना बसवलेला नसतो, तो सबंध लोखंडी मनोराच अँटेना असतो. आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीची ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३७ मीटर लांब, तिचा पाव भाग १३४ मीटर. उंचीचा हिशोब असा लहरीच्या लांबीवरून निघतो. एवढं धूड सहसा जमिनीपासून वेगळं ठेवलेलं असतं एका चिनीमातीच्या इन्सुलेटरवर. खाली जमिनीत चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरतात. त्या १२० धरल्या आणि प्रत्येक १३४ मीटरची, तर १६ किलोमीटर तांबं झालं. ते मातीत आहे हे चोरांनाही कळतं. तारा गेल्या तरी केंद्र बंद पडत नाही, फक्त हळूहळू अशक्त होतं, आणि लांबचे श्रोते म्हणतात पूर्वीसारखं लागत नाही.

असली केंद्रं मुद्दाम खाजणात, खाऱ्या दलदलीत बसवतात. आपल्याकडे मालाडला मालवणीच्या बाजूला आहे तसं. खारी ओली जमीन विजेला चांगली वाट देते, लहर समुद्रावरून न थकता दूर जाते. पण जे मीठ लहरीला पाय देतं तेच लोखंड, नटबोल्ट आणि इन्सुलेटर खातं. हे मी पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी, खरं तर कानांनी पाहिलंय.

आखातातली गोष्ट. तिकडे पाऊस नसतोच म्हणा, पण पहाटे समुद्राकडून दाट दमट हवा येते आणि सगळ्यावर दव धरतं. आठवडाभर धुळीचा वारा झाला होता. पहाटे चारच्या सुमारास मनोऱ्याकडून परत फिरलेली पॉवर दाखवणारा काटा टुणकन उडाला आणि ट्रान्समीटर ट्रिप. पुन्हा आपोआप चालू. पुन्हा ट्रिप. तिसऱ्यांदा झालं की जुनं मशीन स्वतःला कुलूप लावून घेतं, मग माणसाने जाऊन कारण बघितल्याशिवाय सुरू करायचं नसतं. कारण बघायलाच आम्ही पॉवर उतरवून पुन्हा चालू केलं आणि माझा केरळचा जोडीदार आणि मी टॉर्च घेऊन मनोऱ्याकडे गेलो. कुंपणाच्या बाहेरच थांबलो, आत पाऊल टाकायचं नसतं. टॉर्च विझवला. इन्सुलेटरच्या कडेवरून एक जांभळट निळी ठिणगी गोगलगायीसारखी सरकत होती. आणि त्या ठिणगीतून एक बाई अरबीत बातम्या देत होती.

थट्टा नाही. आवाजाबरोबर पॉवर वर-खाली होते, तशी ठिणगीची आच वर-खाली होते, तशी भोवतालची हवा फुगते-आकसते. झाला स्पीकर. आवाज बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण शब्द न् शब्द स्वच्छ. जोडीदार म्हणाला, बातम्या संपेपर्यंत थांबू या का? थांबलो नाही. ट्रान्समीटर बंद केला, मनोरा अर्थिंगच्या तारेने जमिनीला जोडला, इन्सुलेटर गोड्या पाण्याने धुतला, सुती फडक्याने कोरडा केला, पुन्हा चालू. चाळीस मिनिटं केंद्र गप्प. ऐकणाऱ्यांना वाटलं असेल काहीतरी मोठं जळलं. प्रत्यक्षात कारण होतं चमचाभर मीठ.

तुमच्या वडिलांच्या रेडिओचा आवाज पावसाळ्यात जास्त जातो का ते बघा. कारणं तीच असतात, फक्त दवाऐवजी समुद्राचे तुषार, वाढलेलं गवत, आणि वीज. वीज पडते तेव्हा ती पायथ्याशी ठेवलेल्या दोन धातूच्या गोळ्यांमधून उडी मारून जमिनीत जावी अशी सोय असते. पण उडी मारून गेलेल्या विजेच्या मागे ट्रान्समीटरची स्वतःची पॉवर ती ठिणगी जळत ठेवते. म्हणून क्षणभर ट्रान्समीटर बंद करावाच लागतो, ठिणगी विझावी म्हणून. पावसात ऐकू येणारे ते दोन सेकंदांचे खड्डे बरेचदा हेच. त्यांना बिघाड म्हणणं म्हणजे पापणी मिटण्याला आंधळेपण म्हणणं. पाली, उंदीर, मुंग्या यांनी घडवलेल्या गोष्टी वेगळ्याच. गरम कपाटात पाल शिरते, हाय व्होल्टेजच्या दोन टोकांवर पाय ठेवते, पुढचं सांगत नाही.

आता अर्ध्या तासाच्या शांततेकडे येतो. जुने ट्रान्समीटर व्हॉल्वचे. व्हॉल्व म्हटलं की लोकांना आजोबांच्या रेडिओतली काचेची बाटली आठवते. मोठ्या ट्रान्समीटरमधला व्हॉल्व चिनीमाती आणि तांब्याचा, बादलीएवढा, आणि त्याला थंड ठेवायला वाऱ्याचा झोत किंवा शुद्ध केलेलं पाणी लागतं. त्याची तार तापायला काही मिनिटं द्यावीच लागतात, घाई केली तर लाखमोलाचा व्हॉल्व हातचा जातो. म्हणून बाहेरची वीज अर्धा सेकंद डगमगली, तुमच्या घरात ट्यूबलाइट फक्त मिचकावली, तरी केंद्रावर सगळं पहिल्यापासून. जनरेटर असला तरी तो वीज देतो, गेलेली मिनिटं नाही. आणि रात्री मोजकीच माणसं असतील, किंवा कुणीच नसेल, तर बिघाड पाच मिनिटांचा आणि माणूस पोचायला दीड तास. किती वेळ बंद राहिलं यावरून बिघाड केवढा होता हे ठरवू नका.

म्हातारपण दिसतं ते इथे नाही, सुट्या भागांत दिसतं. व्हॉल्व झिजत जातो. चांगला ऑपरेटर त्याच्या तारेचं व्होल्टेज किंचित खाली ठेवून आयुष्य ताणतो, मग पॉवर कमी करतो, मग एक दिवस बदलावाच लागतो. पण बनवणारे कारखाने कमी झाले. २०११ मध्ये बातम्या आल्या होत्या की बीबीसीचं इंग्लंडमधल्या ड्रॉइटविचचं लाँग वेव्ह प्रसारण मीटरभर उंचीच्या व्हॉल्वच्या एका जोडीवर चाललंय आणि जगात तसे दहासुद्धा उरले नाहीत. श्रीमंत संस्थेचं हे, तर इतरांचं काय विचारता. आमच्याकडे एक बंद पडलेला जुना ट्रान्समीटर शेजारच्या खोलीत उभा होता, त्याला आम्ही ‘दुकान’ म्हणायचो. लागेल ते त्यातून काढायचं.

‘दुकानात’ही नसेल ते लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. एकदा सुट्टीवर आलो असताना एक वेळ लावणारा रिले शोधत होतो, व्हॉल्व तापेपर्यंत हाय व्होल्टेज अडवून धरणारा. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलेलं. मागणीचा कागद ऑफिसात चार महिने फिरत होता. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीत, जिन्याखालच्या टपरीवजा दुकानात, कुठल्याशा गिरणीच्या भंगारातून आलेल्या ढिगात तो निघाला. दुकानदाराने किंमत सांगितली आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेच वाढवली. घेतला. सामानात कपड्यांत गुंडाळून नेला, आणि तो माझ्यानंतरही तिथे चालत होता असं ऐकतो. पैसे अर्थात कुणी दिले नाहीत.

नव्या ट्रान्समीटरमध्ये व्हॉल्व नसतात, ट्रान्झिस्टरची डझनावारी कार्डं असतात. दोन-चार मेली तर पॉवर थोडी उतरते, केंद्र चालू राहतं. वीजही पुष्कळ वाचते. मला ते आवडतात का? कामाच्या दृष्टीने हो. पण विजेचा लोट आत शिरला तर कार्डं रांगेने जातात, आणि मग दुरुस्ती म्हणजे पार्सलची वाट बघणं. शिवाय पंखे आणि कपॅसिटर तिथेही म्हातारे होतातच.

आता वडील पूर्ण बरोबर का नाहीत ते. मुंबईत मीडियम वेव्ह न लागण्याचा निम्मा दोष आपल्या इमारतींचा आहे. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, लिफ्टचे नवे कंट्रोल, वायफायचा अॅडॉप्टर, सगळे त्याच पट्ट्यात घोंगावतात, आणि सळ्यांच्या भिंती बाहेरची लहर आत येऊ देत नाहीत. एक रविवार काढा. रेडिओ सेलवर लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर पडली तर दोषी घरातच आहे, मग एकेक वस्तू लावत जा, सापडेल. त्यानंतर रेडिओ खिडकीत नेऊन हळूहळू आडवा फिरवा. आतल्या काळ्या कांडीला, म्हणजे रेडिओच्या अँटेनाला, दिशा असते, एका कोनात आवाज एकदम सुधारतो. वडिलांना तो कोन बहुतेक माहीत असेलच, फक्त घर झाडताना कुणीतरी रेडिओ फिरवून ठेवत असेल.

एक शक्यता राहिली. खुंटी केंद्राच्या जराशी बाजूला सरकली आणि धबधब्यासारखी एकसुरी घसघस ऐकू आली, तर तो बिघाड नाही. आकाशवाणीने देशात ३५ मीडियम वेव्ह ट्रान्समीटरवर डीआरएम हे डिजिटल प्रसारण बसवलं, आणि साध्या रेडिओला ते तसंच ऐकू येतं.

रेडिओ टाकू नका. वडिलांना एक वही द्या आणि आवाज गेला की वेळ आणि शांततेचा प्रकार, खरखरीची की सुन्न, एवढं लिहून ठेवायला सांगा. महिनाभराने ती वही केंद्राच्या इंजिनीअरिंग विभागाला पाठवा. आम्हाला असं पत्र आलं की आम्ही लॉगबुक काढून वेळा जुळवत बसायचो. एकदा एका म्हाताऱ्या श्रोत्याची वेळ बरोबर आणि आमची तीन मिनिटांनी चुकलेली निघाली होती. कंट्रोल रूमचं घड्याळ मागे पडलं होतं.