व्होडकात चहापूड रात्रभर राहिली असेल तर ओतून देऊ नका

भावाच्या लग्नाआधी मित्रांची बैठक, तीस माणसं, आणि दोन बाटल्या व्होडकात घरातली चहापूड रात्रभर भिजवून सकाळी काळंकडू पाणी. साखर घातली, लिंबू पिळलं, तरी तोंड आवळतंय. तुमची पोस्ट वाचली आणि मला 2018 सालची आमच्या दाजींच्या निवृत्तीची पार्टी जशीच्या तशी आठवली. तुमच्याकडे अजून दोन दिवस आहेत, म्हणून लगेच लिहायला बसलो. मी काही बारटेंडर नाही. बेळगावातल्या घरच्या ओट्यावर पाच-सहा वर्षं चुकत चुकत जेवढं कळलं तेवढंच सांगतो.

जिन-व्होडका कुठली घ्यायची, बर्फ किती लागतो, शेकर नसेल तर झाकणाची बरणी चालते का, ते तुम्हाला माहीत असणार. तुमचं घोडं अडलंय ते चहा किती वेळ भिजवायचा यावर. माझंही तिथंच अडलं होतं.

झालं असं. जांबोटी रस्त्याला एका ओळखीच्यांच्या शेतावर पार्टी ठरली. बाहेर जागा घेऊन दारू द्यायची तर एक दिवसाचा परवाना काढायला हवा असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून अर्ज केला. अर्ज कन्नडमध्ये होता, त्याचं काही नाही, आम्हा सीमाभागातल्यांना दोन्ही लिहिता-वाचता येतं. पण त्या कचेरीत तीन दिवस मला या खिडकीवरून त्या खिडकीवर नाचवलं. चलन भरलं तर म्हणे जागामालकाचं पत्र आणा. पत्र आणलं तर म्हणे साहेब दौऱ्यावर. एकदाच सगळी कागदं सांगितली असती तर एका फेरीत काम झालं असतं. आजही मला त्याचा राग येतो, कारण माझ्या तीन बाटल्या त्या पायी गेल्या.

पार्टीच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मी तीन बाटल्या जिन मोठ्या काचेच्या बरणीत ओतून त्यात चहा टाकला. साडेअकराला गाळायचा होता. अकराला फोन आला, सही राहिलीय, आत्ता या. मी तसाच निघालो. घरी कुणाला सांगितलं नाही की अमुक वाजता हे गाळून ठेवा, ही माझी चूक. परत आलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बरणी उजेडात धरली तर पलीकडचं काही दिसेना. चमचाभर जिभेवर घेतलं आणि कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ टाळूला चिकटली. मग मी तुमच्यासारखंच केलं, साखरेचा पाक ओतत बसलो. तुरटपणा साखरेनं जात नाही. वर गोड आणि आत तुरट असं काहीतरी विचित्र झालं, आणि शेवटी ते सगळं मोरीत गेलं. दाजींना सोडा-लिंबू दिलं. ते काही बोलले नाहीत, पण आक्काला मी चहाचं काहीतरी करणार म्हणून आठवडाभर सांगत होतो.

आपली खोड कुठं आहे ते बघा. आपल्याला चहा उकळायची सवय. कडक हवा असला की अजून दोन उकळ्या. तो कडूपणा आपल्याला चहात कधी लागत नाही, कारण वरून दूध पडतं आणि दुधातलं प्रथिन टॅनिनला, म्हणजे चहातल्या तुरट द्रव्याला, धरून बसतं. दारूत दूध नाही. शिवाय मद्यार्क पानातला रस पाण्यापेक्षाही जोमानं ओढतो, अगदी गार असतानाही. त्यामुळे कॉकटेलसाठी चहा कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका. मी हे स्वयंपाकघरातल्या फळीवर खडूनं लिहून ठेवलंय.

घरातली चहापूड म्हणजे सीटीसी, यंत्रात चिरडून-फाडून वळलेली, बारीक गोळ्यांची. आसामात 1930च्या सुमाराला ही पद्धत निघाली तीच मुळी रंग आणि कडकपणा झटपट उतरावा म्हणून. दारूत ती टाकायचीच असेल तर दहा-पंधरा मिनिटांत काढा. माझं मत विचाराल तर टाकूच नका. लांब पानाचा ऑर्थोडॉक्स चहा आणा. 750 मिलीच्या बाटलीला चार मोठे चमचे पत्ती, एक ते दीड तास, आणि दर पंधरा मिनिटांनी चाखत राहायचं. जीभ जराशी कोरडी पडली असं वाटलं की तत्क्षणी गाळा. अर्ल ग्रे मिळाला तर जिनसाठी तोच, त्यात बर्गमॉट या लिंबाच्या जातीतल्या फळाच्या सालीचं तेल असतं आणि ते लिंबाशी फार छान जमतं. न्यूयॉर्कच्या बारटेंडर ऑड्री सॉन्डर्स यांचं अर्ल ग्रे मार्टिनी हे कॉकटेल याच चहावर उभं आहे. त्यात अंड्यातला पांढरा भागही घालतात, म्हणजे तिथंही तुरटपणाला लगाम लावायला प्रथिनच. लॅपसँग सूचाँग हा चिनी चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. व्हिस्कीत चिमूटभर पुरतो, जास्त झाला की चुलीपाशी बसून प्यायल्यासारखं वाटतं. ग्रीन टी उकळत्या पाण्यात कधीच नको. पाणी खाली उतरवून जरा निवू द्या, सत्तर-ऐंशी अंशांवर आलं की दोन मिनिटं, बस.

आता तुमच्या दोन बाटल्यांचं. मी ओतून दिलं ते तुम्ही देऊ नका. नंतर मला कळलं की यावर उपाय आहे आणि तो आपल्या घरातच आहे, दूध फाडणं. परदेशात याला मिल्क पंच म्हणतात, पद्धत जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1763 साली एका मित्राला पत्रातून ब्रँडीच्या मिल्क पंचची कृती पाठवली होती. पंच हा शब्दही आपल्या पाचावरूनच गेला असं बरेच जण मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला किंवा चहा, असे पाच जिन्नस.

कृती सांगतो. एका बाटलीमागं दीडशे मिली लिंबाचा रस, दीडशे ग्रॅम साखर आणि साखर विरघळेल इतकं पाणी, साधारण दोनशे मिली. तुम्ही आधीच साखर-लिंबू घातलंय तेवढं यातून वजा करा. हे मिश्रण जेवढं होईल त्याच्या चौथाई दूध घ्या, साय न काढलेलं, कोमट. दूध मोठ्या पातेल्यात ठेवा आणि त्यावर मिश्रण हळूहळू ओता. उलट करू नका, मिश्रणात दूध ओतलं तर एकदम गठ्ठा होतो आणि नीट धरत नाही. लगेच फाटेल, दिसायला फार वाईट दिसेल, घाबरू नका. तासभर तसंच राहू दे, मग रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. हलवू नका, पिळू तर अजिबात नका. पहिली वाटी-दोन वाट्या गढूळ येतील, त्या परत वरच्या चोथ्यावर ओता. तो चोथाच खरी गाळणी आहे. नंतर थेंब थेंब येतं ते फिक्या मधासारखं आणि आरपार. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ग्लासामागं वर्तमानपत्र धरून अक्षरं वाचली होती.

यानं सगळा कडूपणा जाईल असं मी छातीठोक सांगत नाही. तुमची पूड किती होती त्यावर आहे. पण पिण्याजोगं नक्की होतं. आणि ज्यांना दुधाचं वावडं आहे अशा पाहुण्यांना आधी सांगा, पारदर्शक दिसलं तरी त्यात दुधाचा अंश राहतो.

पाण्याचंही बघा. तुमच्या भागात बोअरचं पाणी असेल तर चहावर तवंग येतो, जड पाण्यातल्या चुन्यामुळं. फिल्टरचं वापरा. आणि गरम चहा करून फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो, तो खराब झालेला नसतो. कॅफीन आणि टॅनिन गारठ्यात एकमेकांना चिकटतात. जरा कोमट केला की निवळतो. हा त्रासच नको असेल तर निलगिरीचा चहा घ्या, तो गार झाला तरी बराच स्वच्छ राहतो. लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम पत्ती, रात्रभर फ्रिजमध्ये. गार पाण्यात तुरटपणा कमी उतरतो, म्हणून इथं रात्रभर चालतं. दारूत चालत नाही. हा फरक डोक्यात पक्का बसवा.

न पिणाऱ्यांसाठी हाच निलगिरी चहा, आमसुलाचं पाणी, गुळाचा पाक आणि दोन पाती गवती चहा. आमच्याकडे आता पिणारेसुद्धा आधी हे मागतात. मात्र दोन्ही पेयांचे जग शेजारी-शेजारी ठेवू नका आणि दारूच्या जगावर ठळक चिठ्ठी लावा. एकदा आमच्या दहा वर्षांच्या भाच्यानं आइस टी समजून ग्लास भरला होता, आक्कानं तो ओठाला लागायच्या आत हातातून काढून घेतला. तेव्हापासून मी तो जग उंच कपाटावर ठेवतो. अजून एक, चहातल्या कॅफीनमुळं माणसाला आपण शुद्धीत आहोत असं वाटतं, चढलेली मात्र तेवढीच असते. कुणाला गाडी चालवू देऊ नका.

कुणी चोर्ला घाटातून गोव्याची फेणी आणतो म्हणाला तर परवान्याशिवाय नको, नाक्यावर तपासणी होते. आणि बैठक घराबाहेर असेल तर परवान्याचं आजच विचारा, नियम बदलत असतात, माझ्या सांगण्यावर राहू नका. विचारायला जाल तेव्हा सगळी कागदं एका चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि घरातून निघण्याआधी ओट्यावर काय भिजतंय ते कुणाला तरी सांगून जा.

दूध आज रात्रीच फाडा. सकाळी पहिली वाटी गढूळ आली तर परत त्याच चोथ्यावर ओता, आणि तिसऱ्यांदाही गढूळच आली तर इथं फोटो टाका, मी नऊपर्यंत घरीच आहे.