आधी फीड कुठून फुटलं ते शोध

प्रिय,

तुझा मेल वाचला. आपल्या सामन्यांचं प्रक्षेपण चोरून दाखवणाऱ्या लिंका तू सामना संपेपर्यंत ढिगाने उडवल्या, पुढच्या सामन्याला त्याच नावाने नव्या उभ्या, आणि वर मीटिंगमध्ये टेकडाऊनच्या, म्हणजे काढायला लावलेल्या लिंकांच्या, आकड्यावरून टीमचं कौतुक. मग आपण नेमकं करतोय काय, असं तू विचारलंस. योग्य विचारलंस. चोरी वाईट का वगैरे तुला सांगत बसत नाही, ते आपण धरूनच चालू.

मी एकच सांगणार आणि परत परत सांगणार, कंटाळलीस तरी. फीड, म्हणजे सामन्याचा मूळ सिग्नल, कुठून फुटलं ते आधी शोध.

बघ, बेकायदा आयपीटीव्हीचं, म्हणजे इंटरनेटवरून चोरून चॅनेल विकण्याचं, दुकान कसं चालतं. शंभर वेबसाइट दिसतात पण त्यांच्या मागे सोर्स मोजकेच असतात. कुणीतरी एक रीतसर घेतलेलं कनेक्शन, एखादा सेट टॉप बॉक्स नाहीतर ॲपचं अकाउंट, त्यातून सिग्नल काढून सर्व्हरवर टाकतो, मग पॅनेलवाला, म्हणजे ही चोरीची कनेक्शनं वाटणारी यंत्रणा चालवणारा, तो रिसेलरना विकतो, रिसेलर गिऱ्हाइकांना. तू रोज उडवतेस ती लिंक म्हणजे साखळीचं शेवटचं टोक. वॉटरमार्क यासाठीच तर असतो ना! तो लावलेला असला की प्रत्येक बॉक्सच्या, प्रत्येक सेशनच्या चित्रात न दिसणारा वेगळा कोड असतो, चोरलेल्या स्ट्रीमचं काही मिनिटांचं नीट रेकॉर्डिंग मिळालं की तो वाचता येतो, आणि कुठल्या अकाउंटवरून गळतंय ते सामना चालू असतानाच कळतं. ते अकाउंट तिथल्या तिथे बंद केलंस की त्याच्यावर पोसलेल्या सगळ्या स्ट्रीम एकदम काळ्या पडतात. गिऱ्हाईक रिसेलरच्या मागे लागतं, रिसेलर पॅनेलवाल्याच्या. असा फटका नोटिशीने बसत नाही.

बॉस म्हणतात हे टेक्निकल टीमचं काम, लीगलने लिंका बघाव्यात. मला याचा अजून संताप येतो. सोर्स माहीत नसेल तर कोर्टात तू कुणाचं नाव घेणार? २००२ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या वेळी ताज टेलिव्हिजनने दिल्ली हायकोर्टातून अनोळखी केबलवाल्यांविरुद्ध ऑर्डर मिळवली, आपल्याकडे जिला अशोक कुमार ऑर्डर म्हणतात ती. कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन पुरावा गोळा करू शकत होता, कारण केबलवाल्याला जागा होती, वायर होती. आज वायर नाही. दिल्ली हायकोर्टाच्या २०१९ च्या यूटीव्ही निकालानंतर डायनॅमिक इंजंक्शन मिळतं, म्हणजे मिरर साइट, तीच साइट नव्या पत्त्यावर, आली की नव्याने दावा न लावता ती यादीत जोडता येते, इंग्लंडमध्ये २०१७ पासून प्रीमियर लीगच्या सामन्यांच्या वेळेत थेट सर्व्हरच ब्लॉक होतात. हे सगळं हवंच, मी नको म्हणत नाही. पण ब्लॉकिंगने दार बंद होतं, आतला माणूस तिथेच बसलेला असतो.

आणि घाईत ब्लॉक केलं तर काय होतं ते इटलीत बघ. तिथल्या पायरसी शील्ड या चोरट्या स्ट्रीम अडवणाऱ्या सरकारी यंत्रणेत तक्रार आली की ३० मिनिटांत ब्लॉक करायचं बंधन, त्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगल ड्राइव्हचं डोमेनच अडकलं आणि ज्यांचा सामन्याशी काही संबंध नाही त्या लोकांच्या फाइली बंद पडल्या. असं एकदा झालं की पुढच्या अर्जाला जज दहा प्रश्न विचारतो, आणि विचारायलाच हवेत.

तू असंही लिहिलंस की बघणाऱ्यांवरच केस का टाकत नाही. नको गं! त्यातून सोर्सला ओरखडाही उठत नाही.

उलट सौदीतलं बीआउटक्यू हे चोरटं नेटवर्क आठव. कतारच्या बीइन या क्रीडा कंपनीचे चॅनेल उचलून स्वतःच्या नावाने राजरोस दाखवत होते, सॅटेलाइटवरून. आपला काही संबंध नाही असंच सगळे म्हणत होते. सिग्नल अरबसॅट या सॅटेलाइट कंपनीच्या फ्रिक्वेन्सीवरून येतोय हे तज्ज्ञ कंपन्यांनी मोजून दाखवलं, प्रकरण डब्ल्यूटीओपर्यंत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेलं, आणि २०२० मध्ये तिथल्या तंटा सोडवणाऱ्या पॅनेलने सांगितलं की सौदीने फौजदारी कारवाई करायला हवी होती ती केली नाही. नुसती लिंकांची यादी नेली असती तर कुणी उभं केलं असतं का?

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. या हट्टापायी एक चांगली जागा सोडावी लागली, तिथली टीम पांगली याचं अजून वाईट वाटतं. पण आकडे फुगवून दाखवायला मी तेव्हा नाही म्हटलं ते बरोबरच होतं, आजही नाहीच म्हणेन. तिथे महिन्याचा रिपोर्ट जाडजूड असायचा आणि चोरांचं पॅनेल मात्र तेच, त्याच माणसाचं. हे डोळ्यांनी बघितल्यावर गप्प कसं बसायचं?

आता कामाचं. पुढच्या सामन्याआधी रिसेलरकडून स्वतः सबस्क्रिप्शन विकत घे, पैसे कुठल्या खात्यात गेले ते जपून ठेव. रेकॉर्डिंग सामना चालू असतानाच कर, वेळ दिसू दे, हॅश, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा कोड, काढ, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटवर रेकॉर्डिंगचं यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याची आणि तज्ज्ञाची सही तेव्हाच्या तेव्हा घे, नंतर रेकॉर्डिंग केलेला माणूस नोकरी सोडून जातो आणि तू बसतेस शोधत. हक्काचे कागद वेगळे लाव. सामना स्वतः कुणाची कलाकृती नाही, युरोपच्या कोर्टाने २०११ मध्ये ते स्पष्ट म्हटलंय, ग्राफिक्स आणि सुरुवातीच्या व्हिडिओचं वेगळं. आपल्याकडे कॉपीराइट ॲक्टच्या कलम ३७ मध्ये प्रक्षेपणाचा स्वतंत्र हक्क आहे, २५ वर्षांचा, त्यावर उभी राहा. लायसन्सच्या करारात नेमका तो हक्क आपल्याकडे आलाय का ते आजच वाच.

मग वॉटरमार्कवाल्यांना सामन्याच्या दिवशी तुझ्या शेजारी बसव. बॉसने विचारलं तर माझं नाव सांग, मी बोलतो त्यांच्याशी.