खडीवरचा हिरवा लिबलिबीत थर: तणनाशक मारून का जात नाही

तुम्ही खडीवरच्या थराचा पाठवलेला फोटो बघितला. पावसानंतर खडीवर आलेले हे हिरवट-तपकिरी, जेलीसारखे गोळे म्हणजे नॉस्टॉक, बहुतेक नॉस्टॉक कम्यून. बुरशी नाही, बेडकाची अंडी तर अजिबात नाहीत. आपण याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो खरं, पण हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू.

तुम्ही लिहिलंय की तणनाशक मारलं, ऊन पडलं, सगळं मेलं आणि पुढच्या पावसात परत हजर. ते मेलंच नव्हतं हो! उन्हात वाळून त्याची काळी पातळ पापडी होते आणि ती तशीच जिवंत पडून राहते, हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, शंभर वर्षांहून जास्त काळ कोरडे ठेवलेले नमुने पाण्यात टाकल्यावर पुन्हा वाढलेत. खात्री करायची तर पापडीचा एक तुकडा बशीत पाण्यात टाका, थोड्या वेळात फुगून मऊ, हिरवा होतो. मायक्रोस्कोप मिळाला तर त्यातला कणभर काचेवर दाबून बघाच, पेशींच्या वेड्यावाकड्या मण्यांच्या माळा दिसतात आणि मधेमधे एखादा मोठा, फिकट मणी. तो हेटेरोसिस्ट, हवेतला नायट्रोजन पकडायचं काम तिथे चालतं. बाहेरची जेली पाणी धरून ठेवते आणि तिच्यातलं स्कायटोनेमिन नावाचं रंगद्रव्य कडक उन्हातले अतिनील किरण अडवतं. किती भारी रचना आहे बघा!

आता काढायचं कसं. तणनाशकाचा नाद सोडा, ग्लायफोसेट या नेहमीच्या तणनाशकाला हे दाद देत नाही, उलट आजूबाजूचं गवत मरून याला मोकळी जागा मिळते. प्रेशरने धुतलं तर तुकडे चारी बाजूंना उडतात आणि प्रत्येक तुकडा नवीन वसाहत. ओलं असताना हातातून निसटतं, पूर्ण वाळल्यावर चुरा होतो, म्हणून अर्धवट सुकून चामट झालं की पत्र्याने अलगद उचला. पण खरं काम पाण्याचं आहे, तिथे पाणी का साचतंय ते शोधा, माती दबली असेल तर मोकळी करा, पाइप गळत असेल तर दुरुस्त करा, आणि फॉस्फरसवालं खत त्या भागात टाकू नका.

झाडांना हे काही करत नाही, मुळं नसतातच त्याला. मात्र पायवाटेवर असेल तर आधी तिथलं काढा, फार घसरतं, घरात वयस्कर माणसं असतील तर आजच. आणि कुठेतरी खातात असं वाचून चाखू नका, काही प्रकारांत विषारी द्रव्यं असतात. कोपऱ्यात, वाटेबाहेर असेल तर मी म्हणेन राहू द्या, मातीला नायट्रोजन देतंय बिचारं.