अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचा (चेंडू फेकणाऱ्याचा) हात चांगला, रिसीव्हर (पास झेलणारे) वेगवान, तरी पासिंगचं टायमिंग आणि स्पेसिंग (रिसीव्हरमधलं अंतर) का बिघडतं?

कारण रिसीव्हर मोकळा दिसला की चेंडू फेकायचा, असा हा खेळ नाहीच. टायमिंगच्या पासमध्ये तो वळायच्या आधीच चेंडू सुटलेला असतो. क्रिकेटमध्ये कीपर स्टंपपाशी पोचायच्या आत क्षेत्ररक्षक थ्रो सोडतो ना, तसा. क्वार्टरबॅक मागे जातो ती पावलं मोजलेली असतात: तीन, पाच किंवा सात. शेवटचा पाय टेकला की चेंडू सुटायला हवा आणि रिसीव्हर तेव्हा ठरलेल्या यार्डावर हवा. त्याने बारा यार्डांचा रूट (धावायचा ठरलेला मार्ग) दहावरच तोडला, तर चेंडू भलत्या जागी जातो आणि शिव्या क्वार्टरबॅकला बसतात.

बहुतेक वेळा गडबड चाल सुरू होते त्या रेषेपासूनच्या पहिल्या पाच यार्डांतच होते, कारण तिथे बचावपटूला धक्का द्यायची मुभा आहे. फेब्रुवारी 2002 चा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, काढून बघा. सेंट लुईस रॅम्सने सलग तिसऱ्या हंगामात 500 हून जास्त गुण केले होते. कोच बिल बेलिचिकच्या पॅट्रियट्सनी त्यांच्या रिसीव्हरना आणि बॅकफील्डमधून (क्वार्टरबॅकच्या आसपासून) निघणाऱ्या मार्शल फॉकला सुरुवातीलाच अडवून धरलं. रॅम्सनी 427 यार्ड काढले, पण गुण 17 च, आणि सामना पॅट्रियट्सनी 20-17 असा जिंकला. पुढे 2004 मध्ये पाच यार्डांपलीकडच्या धक्क्याचा जुनाच नियम लीगने कडक राबवायला घेतला. माझ्या मते तेव्हापासून पासिंग सोपं झालं, पण ते असो.

स्पेसिंग वेगळं दुखणं वाटतं, पण बऱ्याचदा तेच असतं. एका बाजूचे तीन रिसीव्हर वेगवेगळ्या खोलीवर धावतात, ते एकाच बचावपटूला दोघांमध्ये अडकवायला. एकाला उशीर झाला की तो दुसऱ्याच्या अंगावर येतो आणि एकच बचावपटू दोघांना सांभाळतो. रिकामी जागा दिसली म्हणून स्वतःच्या मनाने दोन-तीन यार्ड सरकणारा उत्साही रिसीव्हरही हेच करतो. मैदान जेमतेम 53 यार्ड रुंद. तिथे हे परवडत नाही.

तुमच्या संघाचं नेमकं काय बिघडलंय ते टीव्हीच्या चित्रात कळणार नाही, रिसीव्हर चौकटीबाहेर जातात. सगळे 22 खेळाडू दिसतील असं वरून घेतलेलं चित्रण मिळवा. क्वार्टरबॅकचा मागचा पाय टेकला तिथे थांबवा. रिसीव्हर वळायच्या बेतात असूनही चेंडू हातातच असेल, तर दोष क्वार्टरबॅकचा. रिसीव्हर अजून धक्काबुक्कीतच असेल, तर त्याचा किंवा ही चाल निवडणाऱ्या कोचचा. आणि पाय टेकायच्या आतच लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) कोसळत असेल, तर त्या दोघांना सोडा, लाइन बघा.