फारसीत उद्याचं बोलायचं कसं

ताई, लग्नानंतर तुम्ही तेहरानला राहायला जाणार, पुस्तकातून फारसीचा भविष्यकाळ पाठ करताय, आणि सासरच्यांच्या फोनवर मात्र तो कधीच ऐकू येत नाही, असं तुम्ही विचारलंय. येणारच नाही. 'खाहम रफ्त' (मी जाईन) हे बातम्यांत, भाषणांत, सरकारी कागदांत. सासूबाईंपुढे तसं बोललात तर त्या हसतील. प्रेमानेच, पण हसतील.

घरात वर्तमानकाळावर भागतं. 'फर्दा मीरम', उद्या जाते. आपणही असंच बोलतो, त्यामुळे हे लगेच जमेल. फक्त पुस्तकातलं 'मीरवम' बोलताना 'मीरम' होतं. कुणी हाक मारली की जागेवरून उठायच्या आधीच 'ऊमदम!' ओरडायचं. रूप भूतकाळाचं, अगदी आपल्या 'आले, आले!'सारखं. निघताना तसंच 'रफ्तम', म्हणजे 'गेले'.

खरं लक्ष द्यायचं ते 'मीखाम' आणि 'गरारे'कडे. 'मीखाम बेरम' म्हणजे जायचा विचार आहे, माझ्या मनात आहे. 'गरारे बेरीम शोमाल' म्हणजे कास्पियनच्या किनाऱ्याला जायचं ठरलंय, दुसऱ्या कुणाशी बोलणं झालंय. हा आपला 'करार'च. तेहरानी तोंडात 'क'चा 'ग' ऐकू येतो. दोन्हींनंतर क्रियापदाला 'बे' लागतो: बेरम, बेरीम. नवरा 'मीखाम' म्हणाला तर सामान बांधायची घाई नको, 'गरारे' म्हणाला तर पिशवी काढा. आणि 'हाला बेबीनीम ची मीशे', बघू काय होतं ते, हे आलं की माझ्या हिशेबी बेत बारगळला. 'इन्शाल्ला'चं मात्र सांगता येत नाही. ते पक्क्या बेतालाही लावतात.

आमंत्रणांचं वेगळंच. 'एक दिवस या ना आमच्याकडे' हे बऱ्याचदा तआरोफ, म्हणजे रीतीचं अगत्य. हसून 'हत्मन', म्हणजे नक्की, म्हणायचं नि सोडून द्यायचं. वार सांगितला तर खरं: 'पंजशंबे शब मोन्तजेरेतूनीम', गुरुवारी रात्री वाट बघतोय. शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून जेवणावळी गुरुवारी.

वारांत आपली मंडळी गोंधळतात. आठवडा शनिवारी, 'शंबे'ला सुरू होतो. येकशंबे रविवार, दोशंबे सोमवार. फारसी 'हफ्ते' म्हणजे आठवडा, आपल्या हप्त्याचं मूळ तेच, पण तिथे त्यात पैसे भरायचे नसतात.

इराणी वर्षाचा शेवटचा महिना इस्फंद लागला, म्हणजे साधारण २० फेब्रुवारीनंतर, की हरेक कामाला एकच उत्तर मिळतं: 'बाद-ए एइद', एइदनंतर. ही एइद म्हणजे नौरोज, इराणी नववर्ष, २०-२१ मार्चच्या सुमारास. पण नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, १३ फर्वर्दीनला, २ एप्रिलच्या आसपास, सगळे सहलीला बाहेर पडतात, तोवर फारसं काही हलत नाही. तुमची निवासाची कागदपत्रं करायची असतील तर इस्फंदच्या आधीच अर्ज टाका.